ओट्याचा दगड निवडताना: हळद, लिंबू, कुकर आणि कटरवाला

माहेरच्या ओट्याचा एक कोपरा टवका उडालेला आहे. आई तिथं नारळ फोडायची. कोयत्याच्या पाठीनं तीन ठोके, चौथ्याला नारळाचं पाणी खालच्या तांब्यात. ओटा कडप्प्याचा, मी पाचवीत असताना घातलेला, आणि त्या टवक्याखेरीज त्याला आजही काही झालेलं नाही. त्यानंतर चार ओटे उभे राहताना मी जवळून पाहिले: माझे दोन, थोरल्या नणंदेचा एक आणि सासूबाईंचा एक. त्यातले दोन बरे झाले, एक भांडून दुरुस्त करून घेतला, आणि एकाची आठवण निघाली की मला आमच्या नव्या घरातला पहिला गणपती आठवतो. ती गोष्ट पुढं येईलच.

दुकानात सगळेच दगड सुंदर दिसतात. वर झगझगीत दिवे, खाली नुकतीच पुसलेली पाटी, आणि आपल्या हातात चहाचा कप. तिथं ना फोडणी उडत असते, ना कुणी लिंबाची अर्धी फोड रात्रभर ओट्यावर विसरलेलं असतं. म्हणून माझ्या हिशेबात दुकान बऱ्याच उशिरा येतं.

आधी आठवडाभर आपलाच ओटा बघा

एक कागद फ्रिजला चिकटवा आणि आठ दिवस प्रामाणिकपणे टिपा. तापलेला कुकर, तवा, कढई थेट ओट्यावर ठेवली जाते का? (स्वतःबद्दल खोटं लिहू नका, आणि घरात इतर कोण कोण गॅसवरून भांडी उतरवतं तेही धरा.) खलबत्ता किती वेळा निघतो, आणि तो ओट्यावर चालतो की जमिनीवर? चिंच, आमसूल, लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर यांचे ओघळ किती वेळ तसेच राहतात? ओटा रोज कोण पुसतं, फडक्यानं की तारेच्या घासणीनं? नळाला नगरपालिकेचं पाणी येतं की बोअरचं?

हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. पण जड पाण्याचे पांढरे डाग काळ्याभोर चकचकीत दगडावर जितके उठून दिसतात तितके कशावरच दिसत नाहीत.

या कागदावरून अर्धा निर्णय होतो. आमच्या कागदावर कुकर थेट ओट्यावर ठेवल्याच्या आठवड्यात अकरा खुणा होत्या. त्यातल्या सात माझ्या.

उंची दगडाआधी ठरवा

बिल्डरच्या ओट्याची उंची कुणालाच धड लागत नाही. जी व्यक्ती सर्वांत जास्त स्वयंपाक करते तिला अनवाणी उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून चार-पाच इंच वजा करा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचं कोपर साधारण अडतीस इंचांवर येतं, म्हणजे ओटा तेहतीस-चौतीस इंचांवर. कणीक मळणं, भाकरी थापणं यांत खांद्यातून जोर लावावा लागतो, त्यासाठी आणखी दोन-तीन इंच खाली असलेलं बरं. जागा असेल तर ओट्याच्या एका टोकाला तेवढाच बुटका भाग करून घ्या. सासूबाईंकडं तसा केला, तर घरात सगळ्यांत जास्त वापर त्याचाच होतो.

माप तयार फरशीपासून धरा. फरशी नंतर बसणार असेल तर कोबा आणि फरशी मिळून दोन इंच वर येतात, आणि तेवढाच ओटा बुटका होतो. भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत ओट्याची खोली दोन फूट पुरते. खाली ट्रॉल्या आणि शटर येणार असतील तर पंचवीस इंच घ्या, म्हणजे दगडाची कड शटरच्या इंचभर पुढं राहते आणि पाणी थेट लाकडावर उतरत नाही.

आता दगड

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर बसला आहे. तो कातळ किल्ल्यांना, देवळांना, पाट्या-वरवंट्यांना उत्तम. कोकणातला जांभा सच्छिद्र, तो भिंतीला. त्यामुळे आपल्या ओट्यांचे दगड बहुधा बाहेरून येतात आणि कित्येकदा गावाचं नाव लावूनच येतात. कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातल्या कोट्याचा. नाव ओळखीचं असलं तरी स्वभाव माहीत असतोच असं नाही, म्हणून एकेक बघू.

*कडप्पा.* हा चुनखडीचा काळा दगड. स्वस्त आणि मजबूत, अजूनही बहुतेक ओट्यांच्या पोटात तोच असतो: उभ्या पट्ट्या कडप्प्याच्या, त्यावर आडवी पाटी कडप्प्याची आणि तिच्यावर ग्रॅनाइट. वरचा थर म्हणूनही तो चालतो, भाड्यानं द्यायच्या घरात किंवा बाल्कनीतल्या मोरीशेजारी तर मी आजही तोच घालीन. चुनखडी असल्यानं त्याला आंबट सोसत नाही, लिंबाचा पांढुरका वण राहतो. तेलाचा हात फिरवला की तो पुन्हा काळा दिसतो. आई दिवाळीच्या आधी जुन्या सुती फडक्यानं खोबरेल घासायची आणि त्या दिवशी कुणाला ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही.

*ग्रॅनाइट.* दहापैकी आठ मराठी स्वयंपाकघरांना मी अजूनही हेच सांगीन. तापलेला कुकर सोसतो, सुरी त्यावर बोथट होते पण त्याला चरा पडत नाही, लिंबू-चिंचेची फिकीर नाही. पण ‘ग्रॅनाइट’ हे दुकानातलं नाव आहे, त्याखाली बरंच काही विकलं जातं. भूशास्त्राच्या हिशेबानं काळे ग्रॅनाइट बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट असतात, आणि आपल्याला ते फायद्याचंच आहे: घट्ट वीण, पाणी फारसं पीत नाहीत. ज्यात सोनेरी-रुपेरी ठिपके चमकतात तो ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमकुर्तीच्या खाणींतून येतो. साड्यांमुळे आपल्या ओळखीच्या इरकलला, म्हणजे इलकलला, लालसर-गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणी आहेत.

फिकट आणि पांढऱ्या ग्रॅनाइटबद्दल मात्र जरा जपून. त्यातले बरेच सच्छिद्र असतात. गॅसच्या पुढ्यात तेल झिरपून काळपट पट्टा तयार होतो, तो दगडाच्या आत असतो, वरून कितीही घासा. असा दगड आवडलाच तर सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारं द्रव, लावून घ्यावा लागेल आणि दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागेल, हे धरून चला.

रंगाबद्दल माझं मत: अगदी काळा, आरशासारखा ओटा घेऊ नका. पिठाचा हात, पाण्याचा थेंब, बोटांचे ठसे, सगळं दिसतं. मुंगी तेवढी दिसत नाही, आणि साखरेच्या डब्याशेजारी ती वेळेवर दिसायला हवी असते. करडा किंवा तपकिरी, बारीक ठिपक्यांचा दगड संसाराला बरा. लेदर फिनिशची, म्हणजे चकचकीत न करता किंचित उंचसखल ठेवलेल्या दगडाची, सध्या फॅशन आहे. हाताला छान लागतं, ठसे दिसत नाहीत, पण भिजवलेल्या कणकेचे कण त्या उंचसखल भागात अडकतात आणि ब्रश घ्यावा लागतो.

*संगमरवर.* देवघराला घ्या. ओट्याला नको. कॅल्साइटचा दगड, मोह्ज कठीणपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ३ च्या आसपास. सुरीचं पोलाद ५ च्या पुढं. लिंबाच्या एका थेंबानं पॉलिश जातं, आणि तो डाग नसतो, दगडच तेवढा विरघळलेला असतो. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराची उदाहरणं कुणी देऊ लागलं तर त्याला विचारा की ताजमहालात फोडणी कोण देतं.

*क्वार्ट्झ.* इथं थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. ही खाणीतून निघालेली पाटी नव्हे. क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा, साधारण ९० टक्के किंवा थोडा जास्त, आणि बाकी पॉलिएस्टर रेझिन व रंग असं दाबून, तापवून केलेली पाटी. चुरा अतिशय कठीण, त्याच मोजपट्टीवर ७ च्या घरातला, त्यामुळे चरे पडत नाहीत. छिद्रं जवळजवळ नाहीत, सीलर लागत नाही. रंग आणि रेघा हव्या तशा मिळतात आणि दहा फुटांची पाटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी येते. हे सगळं खरं आहे. पण चुरा धरून ठेवतं ते रेझिन, आणि रेझिन उष्णतेला भितं. दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा रंग बदलू लागतो. भाकरीचा तवा त्याच्या कितीतरी वर जातो.

आमचा पहिला फ्लॅट. पांढरा क्वार्ट्झ, करड्या रेघा, येणारा-जाणारा हात फिरवून बघायचा. दुकानदारानं सांगितलं होतं, ‘ताई, याला काही होत नाही.’ गणपतीत एकवीस मोदकांचा पहिला घाणा उतरवला, मोदकपात्राखालचं पाणी आटलं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि ते तसंच ओट्यावर टेकवलं. आरती झाल्यावर उचललं तर खाली ताटलीएवढं पिवळसर-तपकिरी कडं. सोडा लावून झाला, लिंबू झालं, बाजारातली पेस्ट झाली. कडं गेलं नाही, कारण तो डाग नव्हताच, रेझिन जळलं होतं. दुकानात विचारलं तर वॉरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरांतली ओळ दाखवली: उष्णतेनं झालेलं नुकसान यात येत नाही. ती ओळ मी आधीच वाचायला हवी होती, हे खरं. पण ‘काही होत नाही’ हे वाक्य कागदावर कुठंच नव्हतं.

म्हणजे क्वार्ट्झ वाईट असं नाही. ज्या घरात भांडी रोज सवयीनं लाकडी पाटावर किंवा जाळीवर ठेवली जातात तिथं तो वर्षानुवर्षं नवा दिसतो. थेट ऊन येणाऱ्या बाल्कनीत तो घालू नका, उन्हानं पिवळा पडतो. आणि दुकानात क्वार्ट्झ आणि क्वार्टझाइट यांची सरमिसळ होऊ देऊ नका. क्वार्टझाइट हा नैसर्गिक दगड आहे, वाळूच्या दगडाचं रूपांतर होऊन तयार झालेला. तो खरा असेल तर उष्णता आणि लिंबू दोन्ही सोसतो. कधीकधी त्या नावाखाली डोलोमाइटची पाटी विकली जाते. ती ओळखायची परीक्षा पुढं देते.

*कोरियन.* खरं तर हे ड्यूपाँट कंपनीच्या एका उत्पादनाचं नाव, १९६७ सालचं. पण वनस्पती तुपाला जसं सर्रास डालडा म्हणत, तसं ॲक्रिलिकच्या सगळ्याच पाट्यांना आपल्याकडं कोरियन म्हणतात. जोड दिसत नाही, सिंकसुद्धा त्याच पाटीतून ओतल्यासारखं करता येतं. चरे सहज पडतात, पण पॉलिश पेपरनं घासून काढता येतात. गरम भांड्याचा वण उमटतो. मराठी ओट्यावर हे शोभेचं काम, बाथरूममध्ये मात्र फार छान.

*नॅनो व्हाइट.* काचेच्या भुकटीपासून केलेली, बर्फासारखी पांढरी पाटी. पाणी पीत नाही. कडा मात्र टिचतात, आणि एकदा टिचल्या की पुन्हा तसं पॉलिश होणं अवघड. खलबत्ता असलेल्या घराला नको.

*मोठ्या टाइलच्या पाट्या.* गुजरातच्या मोरबीहून येणाऱ्या पंधरा मिलिमीटर जाडीच्या पाट्या ओट्यासाठी म्हणूनच विकल्या जातात. उष्णता, हळद, आंबट, सगळ्याला पुरून उरतात. बघायचं एवढंच की रंग आणि नक्षी पाटीच्या आरपार आहे की फक्त वरच्या पापुद्र्यावर. फक्त वर असेल तर कड गोल केली की आतला वेगळा रंग उघडा पडतो.

*स्टेनलेस स्टील.* खानावळी उगाच ते वापरत नाहीत. घरी घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं घ्या, खाली प्लायवूड हवंच, नाहीतर कुकर ठेवला की ढोल वाजतो.

दरांचे आकडे मी मुद्दाम देत नाही. शहरागणिक आणि महिन्यागणिक ते बदलतात. चढता क्रम मात्र बहुतेक सगळीकडं असा मिळेल: कडप्पा, साधा ग्रॅनाइट, मग टाइलच्या पाट्या आणि नॅनो व्हाइट, मग क्वार्ट्झ, आणि वर कोरियन आणि परदेशी दगड.

बाथरूमचा काउंटर

इथं कुकर नाही, पण ॲसिड आहे. बेसिनभोवती जड पाण्याचा पांढरा थर चढतो, आणि तो काढायला घरातलं कुणीतरी कधीतरी टॉयलेट क्लीनर आणतंच. त्यातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडनं संगमरवर, कडप्पा, कोटा यांचं पॉलिश मिनिटाभरात उतरतं. मग एकतर घरात कडक शिस्त ठेवा किंवा ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, कोरियन, टाइल यांतलं काही घ्या. केसांना रंग लावणारं माणूस घरात असेल तर पांढरा सच्छिद्र दगड अजिबात नको. बाथरूमचा काउंटर लहान असतो, तेव्हा यार्डात, म्हणजे दगडवाल्याच्या गोदामात, पडलेल्या उरलेल्या तुकड्यांत चांगला दगड निम्म्या किमतीत मिळू शकतो. विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

तुकडा घरी आणा आणि त्याचे हाल करा

आवडलेल्या दोन-तीन दगडांचे हातभर तुकडे मागा. दुकानदारांकडं ते ढिगानं पडलेले असतात. घरी आणून हे करा.

चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवून त्याचा एक ठिपका द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी साबणानं धुवा. हळद साबणाला लाल होते हे लग्नात अंगाला हळद लागलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा लालसर छटा मागं राहिली तर समजा, दगडानं हळद प्यायली. तो तुकडा मग दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. पिवळा गेला आणि तेलाची काळपट सावली राहिली तर तो दगड गॅसजवळ नको.

दुसऱ्या कोपऱ्यावर लिंबाची फोड उपडी ठेवा, अर्धा तास. पुसल्यावर तिरक्या उजेडात बघा. मंद, खरखरीत वर्तुळ दिसलं तर तो कॅल्साइटच्या नाहीतर डोलोमाइटच्या कुळातला दगड, पाटीवर नाव काहीही लिहिलेलं असो. खऱ्या क्वार्टझाइटला लिंबानं काही होत नाही आणि त्याच्या टोकानं काचेच्या बाटलीवर चरा पडतो. ही ती परीक्षा.

पाण्याचे चार थेंब टाका, पंधरा मिनिटं थांबा, पुसा. खालचा भाग गडद दिसला तर दगड पाणी पितो.

काळा दगड असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर पांढऱ्या कापसावर घेऊन घासा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग चढवलेला आहे. करड्या दगडाला काळा रंग देऊन विकणं या धंद्यात नवीन नाही. वर्षा-दोन वर्षांत सिंकभोवतीचा रंग उतरतो आणि ओटा कोड फुटल्यासारखा दिसू लागतो.

तापलेला तवाही ठेवून बघा, विशेषतः क्वार्ट्झच्या तुकड्यावर. त्याला दहा मिनिटं लागतात. मी ते केलं असतं तर हा लेख थोडा लहान झाला असता.

यार्डात

नमुना पाहून ऑर्डर देऊ नका, पाटी पाहून द्या. नैसर्गिक दगडाच्या दोन पाट्या कधी सारख्या नसतात. शक्यतो दिवसाच्या उजेडात जा, पाटी उघड्यावर काढायला सांगा आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पाणी वाळत जाताना चीर असेल तिथं ओली रेघ मागं राहते. मग एक रुपयाच्या नाण्यानं ठिकठिकाणी वाजवा: खणखणीत आवाज बरा, बद्द आवाज आला तर तिथं आत काहीतरी आहे. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली दिसेल. जाळी म्हणजे फसवणूक नव्हे, पण पाटी नाजूक आहे एवढं ती सांगते.

जाडी टेपनं मोजा, दोन टोकांना आणि मध्ये. अठरा मिलिमीटर सांगून सोळा निघणं नेहमीचं. वीस मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचं वजन स्क्वेअर फुटाला साधारण पाच किलो भरतं. दोन पाट्या घेणार असाल तर शेजारी उभ्या करून बघा, आणि पसंत पडल्या की मागं तेलखडूनं सही करा, फोटो काढा. सही केलेलीच पाटी घरी येते असं नाही, पण बदलली तर भांडायला आधार राहतो.

कोटेशन वाचायचं कसं

दगडाचा दर हा या खर्चाचा फक्त दर्शनी भाग. ‘इतके रुपये स्क्वेअर फूट’ म्हटलं की पहिला प्रश्न: बसलेल्या ओट्यावर की पूर्ण पाटीवर?

उदाहरण घ्या. एल आकाराचा ओटा, एक भिंत नऊ फूट, दुसरी सात फूट, खोली दोन फूट. कोपरा एकदाच धरायचा, म्हणजे नऊ गुणिले दोन अठरा आणि पाच गुणिले दोन दहा, एकूण अठ्ठावीस स्क्वेअर फूट. आता कटर साइजची, म्हणजे अरुंद, पाटी नऊ फूट बाय अडीच फूट असेल तर दोन पाट्या लागतात आणि त्या पंचेचाळीस स्क्वेअर फुटांच्या होतात. मधले सतरा फूट कुणाचे? पैसे तुम्ही पंचेचाळीसचे देणार असाल तर सतरा फूट तुमचे. त्यातून निघणाऱ्या अर्धा फूट रुंदीच्या पट्ट्या मागच्या स्कर्टिंगला (भिंतीलगतच्या उभ्या पट्टीला) आणि कडेच्या दुहेरी पट्टीला वापरायला सांगा, आणि उरलेला चार फुटांचा तुकडा बाथरूमच्या काउंटरला. हे आधी बोलला नाहीत तर तो तुकडा टेम्पोतून परत जातो.

बाकीच्या गोष्टी कागदावर वेगळ्या लिहून घ्या: कडेचं मोल्डिंग (कड घासून आकार देणं) रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या फुटावर, किती, सिंकचं आणि हॉबचं (ओट्यात बसवायच्या गॅसचं) कटिंग किती, नळाचं भोक, खालचा कडप्पा, टेम्पो, जिन्यानं चढवण्याची हमाली, जीएसटी. आणि फुटलं तर कुणाचं? दगड उतरवताना, कापताना, बसवताना, तिन्ही वेळी. हे विचारलं की समोरचा माणूस जरा बारकाईनं बघतो, आणि तेच हवं असतं.

कटरवाला

नणंदेच्या ओट्याचा दगड उत्तम होता. सहा महिन्यांत सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत केसासारखी चीर गेली. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सिंकचं भोक काटकोनी कापलं होतं, कटरचं पातं कोपऱ्याच्या पुढं अर्धा इंच गेलेलं होतं, आणि सिंकपुढं दगडाची जेमतेम दीड इंचाची पट्टी उरली होती, तिच्याखाली आधार काही नाही. चीर नेहमी अशाच कोपऱ्यातून निघते, कारण सगळा ताण तिथं गोळा होतो. भांडून भांडून शेवटी त्या ठेकेदारानं पुढची बाजू बदलून दिली.

म्हणून कापण्याच्या दिवशी घरी राहा. रजा टाका. सिंक आणि हॉब आधी घरात आलेले असू द्या, कॅटलॉगमधल्या मापावर कापू देऊ नका. भोकाचे चारही कोपरे आधी गोल ड्रिल मारून मग जोडायला सांगा. सिंकपुढं किमान अडीच-तीन इंच दगड राहील आणि त्याखाली कडप्प्याचा किंवा लोखंडी पट्टीचा आधार येईल हे बघा. दोन पाट्यांचा जोड सिंकवर किंवा हॉबवर येऊ देऊ नका.

आणि कापताना पाणी मारायला लावा. कोरडं कापलं की घरभर धूळ होते ही आपली तक्रार झाली. कापणाऱ्याच्या फुफ्फुसात जाते ती सिलिका, आणि तिनं सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. क्वार्ट्झच्या पाट्यांत सिलिका सर्वांत जास्त. कामगारांच्या या आजारामुळंच ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा पाट्या बनवण्या-वापरण्यावर बंदी घातली. आपल्याकडं तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा जिन्यात बसून त्या कोरड्या कापत असतो. बादलीभर पाणी आणि चांगला मास्क आपणच द्यावा. काम थोडं सावकाश होतं, होऊ दे.

बसवताना पाणसळ दोन्ही दिशांना लावून बघा. ओटा सपाट हवा, फार तर सिंककडं किंचित उतार. पुढच्या कडेकडं उतार झाला की आयुष्यभर पोटावर पाणी. पुढच्या कडेच्या खालून, अर्धा इंच आत, एक बारीक खाच मारून घ्या. ओघळलेलं पाणी त्या खाचेशी तुटतं आणि खालच्या ट्रॉल्यांवर जात नाही. दहा मिनिटांचं काम आहे, सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. जोडात आणि भिंतीच्या सांध्यात व्हाइट सिमेंट नको, ते पिवळं पडून सुटतं. जोडात एपॉक्सी आणि भिंतीशी सिलिकॉन.

पहिले काही दिवस

ओटा बसल्यावर लगेच त्यावर चढून माळा आवरू नका, कुणालाही चढू देऊ नका. खालचा माल वाळायला आठवडा द्या. सीलर लावायचा तो दगड पूर्ण कोरडा झाल्यावरच, ओल आत अडकली की ढगासारखे डाग उमटतात.

रोजच्याला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. ग्रॅनाइटमध्ये तेल मुरलंच तर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप द्या, वर प्लास्टिक लावून दिवसभर ठेवा, मग वाळू द्या आणि खरवडून काढा. एका लेपात नाही गेलं तर दोन-तीन द्यावे लागतात.

आणि सिंकच्या भोकातून निघालेला तुकडा. चोवीस बाय अठरा इंचांचं सिंक असेल तर जवळजवळ तेवढाच चांगला दगड निघतो, त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात, आणि संध्याकाळी तो कटरवाल्याच्या पिशवीशेजारी भिंतीला टेकून उभा असतो. मागून घ्या, तिथल्या तिथं कडा घासून घ्या, खाली चार बुटके रबरी पाय चिकटवा. दुसऱ्या फ्लॅटमध्ये मी ग्रॅनाइट घेतला. त्याच्या सिंकचा तुकडा गॅसच्या उजव्या हाताला आहे. त्यावर मी पुरणपोळीला कणीक तिंबते, उन्हाळ्यात लोणी त्याच्या गारव्यावर ठेवते, आणि कुकर उतरवायचा तो, सवयीनं, त्यावरच.